‘एंड अप’ला मराठीत काय म्हणतात?

इंग्रजी म्हणी-वाक्प्रचारांची यादी पाठ करून आलेला माणूस पाच मिनिटांत ओळखू येतो. बोलण्याच्या ओघात कुठेतरी तो ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ टाकतोच टाकतो. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) हे वाक्य शिकवणं म्हणजे तर निव्वळ थट्टा आहे. पाथर्डी-कर्जत-जामखेडकडच्या पोरांनी कुत्र्या-मांजरांचा पाऊस घोकायचा, आणि शाळेच्या खिडकीबाहेर टँकरसाठी हंड्यांची रांग! जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या एका पुस्तकात हा वाक्प्रचार आहे, आणि ते पुस्तकच मुळी उच्चभ्रू लोकांच्या वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल करणारं आहे. म्हणजे जी गोष्ट पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी तिकडे शिळी झाली होती, ती आपण इकडे पाच मार्कांसाठी पाठ करतोय. नोकरीच्या सहा वर्षांत मी एकाही गोऱ्या माणसाच्या तोंडून ते वाक्य ऐकलेलं नाही.

तर मंडळी, आजचा विषय हा. इंग्रजीतलं ‘इडियम’ म्हणून आपल्याकडे जे शिकवलं जातं ते वेगळं आणि जे लागतं ते वेगळं. आणि जे लागतं ते शिकायला मराठी माणसाला फारसं जड जाऊ नये, असं माझं मत आहे ते आधीच सांगून टाकतो. (हे ‘सांगून टाकतो’ लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.)

कुठल्याही एसटी स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल बघा. तीस दिवसांत इंग्रजी, साठ दिवसांत इंग्रजी, घरबसल्या इंग्रजी. रॅपिडेक्सच्या जाहिरातीतला कपिल देव आमच्या आधीच्या पिढीला आठवत असेल, आणि त्याच्याही आधीच्या पिढीला तर्खडकर. या सगळ्या पुस्तकांच्या शेवटी एक प्रकरण ठरलेलं असतं. डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे मराठी. ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. वाचायला मजा येते, यात वादच नाही. दोन वेगळ्या मुलखांतल्या माणसांना तीच लबाडी सापडली याचं बरंही वाटतं. आल्फ्रेड मॅनवॅरिंग नावाच्या मिशनऱ्याने याच्या उलट दिशेने १८९९ साली मराठी म्हणींचं आख्खं पुस्तक इंग्रजीत काढलं होतं, तेही ऑक्सफर्डच्या छापखान्यातून. पण म्हण हा भाषेतला दागिना झाला. रोज अंगावर घालायचं ते कापड वेगळं. आपण मराठी तरी दिवसात किती म्हणी वापरतो? आजी सोडली तर घरात कुणी वापरत नाही.

एमपीएससीवाल्यांचं मी समजू शकतो. त्यांच्या अभ्यासक्रमातच ‘म्हणी व वाक्प्रचार, अर्थ आणि उपयोग’ असं लिहिलेलं आहे, तेव्हा नगर शहरातल्या अभ्यासिकांमध्ये बसून जी पोरं याद्या घोकतात ती बरोबरच करतात. परीक्षा जे मागते ते द्यायचं. प्रश्न लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगर इथून दरवर्षी इंजिनिअर होऊन बाहेर पडणाऱ्यांचा आहे. त्यांना शेवटच्या वर्षी ‘सॉफ्ट स्किल्स’च्या नावाखाली तीच यादी परत मिळते. पुण्याहून कुणी ट्रेनर येतो, दोन दिवस फळ्यावर ‘ब्रेक अ लेग’ आणि ‘पीस ऑफ केक’ लिहितो, सर्टिफिकेट वाटतो आणि जातो. मग पोरगं मुलाखतीला बसतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या हापिसाच्या कॅम्पस मुलाखती व्हिडिओ कॉलवर चालल्या होत्या. पॅनेलवर मी, आणि तिकडून एक अमेरिकन मॅनेजर. मुलगा आपल्याच जिल्ह्यातला. प्रोजेक्ट होतं बाजार समित्यांमधले कांद्याचे रोजचे भाव गोळा करून मोबाईलवर दाखवण्याचं, आणि ते त्याने खरोखर स्वतः केलेलं होतं. (हे आजकाल सांगावं लागतं!) सगळं छान चाललेलं असताना मॅनेजरने विचारलं, ‘सो, व्हॉट डिड यू एंड अप युझिंग फॉर द डेटाबेस?’

मुलाने त्यातला ‘एंड’ ऐकला. आणि तो सांगू लागला की प्रत्येक क्वेरीच्या शेवटी कनेक्शन कसं बंद केलं जातं, बंद नाही केलं तर काय होतं, वगैरे. उत्तर म्हणून ते अगदी बरोबर होतं, फक्त प्रश्न तो नव्हता. मॅनेजर भला माणूस, त्याने मदत म्हणून प्रश्न बदलला, ‘नो नो, आय मीन, व्हॉट डिड यू सेटल ऑन?’ आता आपल्याकडे ‘सेटल’ म्हणजे नोकरी लागून लग्न झालेला माणूस. मुलगा गप्प. मी मध्ये पडून ‘विच डेटाबेस डिड यू चूज, अँड व्हाय?’ असं विचारलं, तेव्हा गडी पुढची चार मिनिटं थांबला नाही. आधी मोंगो घेतला होता, मग भावांची तारीखवार तुलना करताना अडचण यायला लागली, मग पोस्टग्रेसवर आलो, त्यात दोन आठवडे गेले. उत्तम उत्तर. संध्याकाळी शेऱ्यांचा कागद आला त्यात मॅनेजरच्या रकान्यात होतं, ‘टेक्निकल गुड, कम्युनिकेशन वीक.’ माझ्या रकान्यात मी नेमकं उलटं लिहिलं होतं. पण दोघांच्या मार्कांची सरासरी निघते, आणि त्या सरासरीत तो बसला नाही.

हा ‘कम्युनिकेशन वीक’ शेरा मी इतक्या वेळा वाचलाय की मला त्याचा आता राग येतो. त्याच्या आड काय काय दडलेलं असतं! कुणाचा उच्चार, कुणाचा लाजरेपणा, कुणाच्या घरी वाय-फाय नाही म्हणून मागे पडणारा आवाज. आणि बऱ्याच वेळा, माझ्या अंदाजाने तरी, ‘एंड अप’, ‘सेटल ऑन’, ‘कम अप विथ’, ‘वॉक मी थ्रू’ असे दोन-दोन तीन-तीन अक्षरांचे खडे. मोठे शब्द अडवत नाहीत. ‘स्केलेबिलिटी’ आणि ‘असिंक्रोनस’ त्या पोराला झोपेतून उठवून विचारा. अडतं ते ‘अप’पाशी.

यात नगरचा एक योगायोग आहे. शब्दाचा शब्दशः अर्थ घेऊन गोंधळ उडवणं या एका गोष्टीवर बराचसा संसार चालवलेला एक विनोदी लेखक आपल्या नगरमध्येच जन्मला, १९१८ साली. स्पाइक मिलिगन. वडील ब्रिटिश सैन्यात होते, म्हणून जन्म नगरचा आणि बालपण बरंचसं पुण्याचं. पुढे बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० ‘द गून शो’ने इंग्लंडला वेड लावलं, त्याचा मुख्य लेखक हाच. तिकडच्या लोकांना शब्दशः अर्थ हा विनोद वाटतो, कारण त्यांना खरा अर्थ आधीच माहीत असतो. आमच्या मुलाने तेच केलं तर नोकरी जाते. असो.

व्याकरणात या जोडक्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथने १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकातून रूढ केलं. नाव शंभर वर्षांचं, पण माल फार जुना. इंग्रजीत दोन थर आहेत. खालचा थर घरगुती, शेतकऱ्या-कोळ्यांच्या बोलीचा: गेट, पुट, टेक, गिव्ह, कम, गो. वरचा थर फ्रेंच-लॅटिनमधून दरबार, कोर्ट आणि चर्चमार्गे आलेला: पोस्टपोन, टॉलरेट, सरेंडर, इन्व्हेस्टिगेट. आपल्याकडे नाही का, ‘पुढे ढकलणे’ आणि ‘स्थगित करणे’? ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पोस्टपोन’ म्हणजे स्थगित करणे. एवढं एक उदाहरण कळलं तरी अर्धी लढाई झाली.

आपण शाळेत शिकतो तो सगळा वरचा थर. कारण इंग्रजी आपल्याकडे आली तीच मुळी कचेरीच्या दारातून, अर्ज, हुकूम आणि दाखले घेऊन. म्हणून आपण लिहितो ‘काइंडली डू द नीडफुल’, आणि तोंडाने बोलतानाही ‘आय विल इंटिमेट यू’. शाळेत ‘पुट ऑफ’ लिहिलं की मास्तर त्याखाली लाल रेघ मारून ‘पोस्टपोन’ लिहायचे, कारण तो ‘चांगला’ शब्द. त्याच ‘पोस्टपोन’वरून आपण ‘प्रीपोन’ बनवला, तो आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशांतही गेलाय, त्याबद्दल मला अभिमानच आहे. पण एकूणात आपलं इंग्रजी बोलणं कसं ऐकू येत असेल याची कल्पना करा. चहाच्या टपरीवर कुणी येऊन म्हणाला, ‘बंधो, मी चहाचे प्राशन करू इच्छितो’, तर टपरीवाला चहा देईल, पण एकदा नीट निरखून बघेल.

यावर कुणी म्हणेल, पहिलीपासून इंग्रजी आलं ना! आलं. राज्याने ते २००० साली सुरू केलं, आमची पिढी त्यातूनच गेली, आणि आठवीपासून सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञानही इंग्रजीतून केलं. वर्षं वाढली, पण थर तोच राहिला. विज्ञानाच्या पुस्तकातलं इंग्रजी तर आणखीनच वरच्या थरातलं.

आता माझा मुख्य मुद्दा. आपली पोरं याला घाबरतात, कारण त्यांना वाटतं ही भानगड फक्त इंग्रजीत आहे. क्रियापद एक आणि त्याला शेपटी लावली की अर्थ भलतीकडेच! पण मराठीत काय वेगळं चालतं?

१८३१ साल बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा छापून आला तो या वर्षी, आणि अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला येऊन राहिली तीही या वर्षाच्या अखेरीस. पुढे १८४२ साली नगरमधूनच त्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. सिंथिया फरार १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाशी त्यांचंच नाव जोडलेलं आहे. अमेरिकेहून बोटीने आलेल्या या मंडळींना नगरच्या बाजारात उभं राहून मराठी शिकायची होती. आणि समोर काय? आमचं ‘लागणे’!

भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, नाद लागतो, डोळा लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात, भात खाली लागतो, पोरगं रडायला लागतं, गाडी रस्त्याला लागते, कुत्रं मागे लागतं, बायकोचं ऐकावं लागतं, आणि सगळ्यात शेवटी वाट लागते. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. त्या बिचाऱ्यांच्या ‘गेट’ने आपल्याला जेवढं छळलं असेल तेवढंच आपल्या ‘लागणे’ने त्यांना छळलं असणार. मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने सगळ्यांना फुकट बघण्यासाठी ठेवली आहे. त्यात ‘लागणे’, ‘बसणे’, ‘मारणे’ काढून बघा. परक्या माणसाने आपल्या भाषेपुढे बसून एक-एक अर्थ वेचून ठेवलाय. आपण जर ‘गेट’पुढे तसे बसलो असतो तर!

बरं, नुसतं ‘लागणे’ नाही. शेपटीवाली क्रियापदं आपल्याकडे ढिगाने आहेत. ‘मागे’ हा एक शब्द घ्या. मागे घेणे, मागे पडणे, मागे लागणे, मागे टाकणे, मागे ठेवणे, मागे सरणे. ‘टेक बॅक’, ‘फॉल बिहाइंड’, ‘गो आफ्टर’, ‘ओव्हरटेक’, ‘लीव्ह बिहाइंड’, ‘बॅक आऊट’. ‘आत टाकणे’ म्हणजे तुरुंगात आणि ‘वर जाणे’ म्हणजे कायमचं. मशीन ‘बंद पडतं’ तेव्हा ते कुठेही पडत नाही, जसं इंग्रजीतलं मशीन ‘ब्रेक डाऊन’ होताना खाली जात नाही.

आणि खरा खजिना आहे तो दुसऱ्या क्रियापदाचा. हापिसातलंच उदाहरण देतो. ‘ती फाईल डिलीट कर’ हा साधा हुकूम झाला. ‘डिलीट करून टाक’ म्हणजे एकदाची ब्याद जाऊ दे. ‘डिलीट करून ठेव’ म्हणजे पुढच्या कामाची तयारी. ‘डिलीट करून घे’ म्हणजे तुझ्या सोयीसाठी, किंवा दुसऱ्याकडून. ‘डिलीट करून बघ’ म्हणजे प्रयोग. आणि ‘तो फाईल डिलीट करून बसला’ म्हणजे रात्री अकराला फोन येणार! काम एकच, डिलीट. पण टाकणे-ठेवणे-घेणे-बघणे-बसणे यांनी बोलणाऱ्याची नियत, वैताग, दोषारोप सगळं एका शब्दात सांगितलं. इंग्रजीत हेच काम ‘अप’, ‘आऊट’, ‘ऑफ’, ‘डाऊन’ ही चिल्लर मंडळी करतात. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘राइट’ म्हणजे लिही, ‘राइट डाऊन’ म्हणजे लिहून ठेव. ‘ट्राय आऊट’ करून बघ, ‘गिव्ह अवे’ देऊन टाक, ‘गिव्ह अप’ सोडून दे, ‘मेक अप फॉर’ भरून काढ, ‘फिगर आऊट’ शोधून काढ, ‘टर्न डाऊन’ धुडकावून लाव. ‘पुट अप विथ’ला तर इतका चपखल शब्द आहे की मला तो सापडला त्या दिवशी मी एकटाच हसलो: खपवून घेणे.

आणि ‘एंड अप’? येऊन ठेपणे. ‘शेवटी कशावर येऊन ठेपलास?’ हा प्रश्न त्या मुलाला कुणीही, कुठेही विचारला असता तरी तो अडला नसता.

सगळंच असं जुळत नाही, हेही कबूल. ‘अप’ म्हणजे ‘टाकणे’ असं सूत्र करून ठेवलंत तर फसाल. ‘लुक अप’मध्ये काही टाकायचं नसतं, शोधून बघायचं असतं, आणि ‘थ्रो अप’मध्ये टाकायचं असलं तरी ते जरा वेगळं. :-) पण सूत्र मिळवणं हा उद्देशच नाही. क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून शेजाऱ्याच्या जोरावर नवा अर्थ घेतं, ही गोष्ट मराठी माणसाच्या हाडीमाशी असते. तेवढी एक खूण पटली की भीती जाते. मग राहतं ते ओळख करून घेणं, आणि ती एक-एक करूनच होते.

उलट दिशेचा एक प्रयोगही फसलेला आहे. ऑग्डेन नावाच्या गृहस्थाने १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ काढलं. फक्त ८५० शब्दांत सगळी इंग्रजी, आणि त्यात क्रियापदं किती, तर १८! ऐकायला स्वर्ग. पण कमी केलेली क्रियापदं गेली कुठे? ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गिव्ह’ यांच्या पोटात. ‘टॉलरेट’ यादीत नाही, म्हणून म्हणा ‘पुट अप विथ’. शब्द मोजायला ८५०, पण जोड्यांचा हिशेब कुणी ठेवायचा? आमच्याकडे काही टीम्स कोडच्या ओळी कमी केल्या म्हणून मिरवतात आणि सगळी गुंतागुंत एका कॉन्फिग फाईलमध्ये लपवून ठेवतात, त्यातलाच प्रकार.

शिकवायचंच झालं तर सुरुवात कुठून करावी? मी म्हणेन क्रिकेटपासून. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. जिल्ह्यातल्या कुठल्याही माळरानावर ‘रन आऊट’ आणि ‘ऑल आऊट’ न कळणारं पोरगं दाखवा, मी चहा पाजतो. त्यातलं ‘रन आऊट’ तर फ्रेजल व्हर्बच आहे! नवा चेंडू ‘सी ऑफ’ करतात, आणि आपला मराठी समालोचक त्याला ‘नवा चेंडू खेळून काढला’ म्हणतो. काढणे! पुन्हा तेच दुसरं क्रियापद. दोन भाषा एकाच चेंडूकडे बघून एकच युक्ती करतायत. इंग्रजी समालोचन आवाज वाढवून ऐकलं तर तासाभरात ‘होल्ड ऑन’, ‘गिव्ह अवे’, ‘पुल ऑफ’, ‘सेट अप’, ‘कॅरी ऑन’ अशी वीसेक तरी सापडतात, आणि समोर चित्र चालू असल्यामुळे अर्थ विचारावा लागत नाही.

आणि आमच्या धंद्यातल्यांनी तर कॉम्प्युटरच उघडावा. लॉग इन, लॉग आऊट, साइन अप, सेट अप, शट डाऊन, बॅक अप, रोल बॅक, टाइम आऊट, चेक आऊट. आपण यांची नामं करून टाकली आहेत: ‘बॅकअप घेतला’, ‘रोलबॅक मारला’. म्हणून ती क्रियापदं आहेत हे लक्षातच येत नाही. रिलीज ‘रोल बॅक’ करणे म्हणजे मागे घेणे, बस. माझ्या हाताखाली आलेल्या नवीन पोरांना मी पहिल्या आठवड्यात एवढंच करायला लावतो. दिवसभरात स्क्रीनवर दिसलेली असली सगळी जोडपी वहीत उतरवायची आणि शेजारी घरात बोलतो तसं मराठी लिहायचं. पुस्तकी मराठी चालणार नाही. ‘होल्ड ऑफ’ समोर एकीने लिहिलं होतं ‘थोपवून धरणे’, आणि ‘होल्ड ऑन’ समोर ‘दम धर’. डिप्लॉयमेंट ‘होल्ड ऑफ’ करा असं क्लायंट म्हणाला की आता तिला कुणाला विचारावं लागत नाही.

यादीतले अलंकारिक वाक्प्रचार अगदीच नको असंही नाही. पण मग लागतील ते तरी द्या. अमेरिकन माणूस मीटिंगमध्ये जे बोलतो त्यातलं बरंचसं बेसबॉलमधून आलेलं असतं. ‘बॉलपार्क फिगर’, ‘टच बेस’, ‘कर्व्हबॉल’, ‘आऊट ऑफ लेफ्ट फील्ड’. बेसबॉल आपण बघत नाही, त्यामुळे अंदाजही बांधता येत नाही. ‘बॅकफूटवर जाणे’ जसं आपल्या वर्तमानपत्रांत क्रिकेट न बघणाऱ्यालाही कळतं, तसं त्यांना हे. पन्नासेक असतील, एक पान पुरेल. ते पान कुठल्या गाईडात नसतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर सगळा दोष पाथर्डीच्या पोराच्या माथी मारल्यासारखं होईल. आमच्या टीममध्ये एक जर्मन आहे, दोन पोलिश आहेत. त्यांची आणि आमची इंग्रजी मस्त जुळते. सगळे साधी क्रियापदं वापरतात, कुणी ‘सर्कल बॅक’ करत नाही. कॉलवर ज्याची मातृभाषा इंग्रजी असा माणूस आला की मग सगळ्यांना सबटायटल्स हवीशी वाटतात. म्हणजे खोलीत ज्याची इंग्रजी सगळ्यात चांगली, त्याचंच बोलणं सगळ्यात कमी लोकांना कळतं. मग ‘कम्युनिकेशन वीक’ कुणाचं? मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न कसे विचारावेत याचं तासाभराचं ट्रेनिंग देणं कंपन्यांना अजिबात अवघड नाही. प्रश्न कळला नाही असं वाटलं तर तो सोप्या शब्दांत परत विचारायचा आणि मार्क नंतरच्या उत्तराला द्यायचे, इतकं साधं ते आहे. हे मी आमच्याकडे लेखी मांडलंय. उत्तर आलं, ‘वी विल टेक इट अप.’ कधी, ते आलेलं नाही.

मेल लिहिण्याची अडचण मात्र जवळजवळ संपली. आता यंत्र मेल गुळगुळीत करून देतं, ‘डू द नीडफुल’सकट सगळं पुसून. पण त्यामुळे बोलण्याची परीक्षा उलट कडक झाली आहे. मेलवरून माणूस ओळखता येत नाही म्हटल्यावर सगळं वजन कॉलवरच्या त्या वीस मिनिटांवर आलं, आणि तिथे ‘एंड अप’ आला की अर्थ यंत्राला विचारायला सवड नसते.

पुढच्या शनिवारी संगमनेरला जाणार आहे. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे दोन तास दिलेत. ट्रेनरचे कपडे घालणार नाही, सर्टिफिकेटं वाटणार नाही. पाठपोट एक पान तयार केलंय, साठ जोडक्रियापदं, शेजारी घरचं मराठी. बहुतेक जुळली. अडलीय ती एकच, ‘गेट ओव्हर’. ‘विसरून जाणे’ जरा कमी पडतं, कारण माणूस विसरलेला नसतो. ‘सावरणे’ जवळ येतं, पण आजारातून उठलेल्यालाही ते चालेल का? ‘पार करणे’ म्हणजे पुन्हा नदी. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘मनातून काढून टाकणे’. तूर्तास तेच लिहिलंय, पेन्सिलीने. याहून बरं कुणाला सुचलं तर शनिवारच्या आत कळवा.